दसऱ्यापर्यंत

टेबल फणसाचं आहे.
आणलं तेव्हा हळद लागल्यासारखं पिवळं होतं,
आता कोऱ्या चहाच्या रंगावर आलंय.
घर खाडीपासून दोन माडांच्या अंतरावर,
वाऱ्यात मीठ, पितळी कडीवर हिरवा कळंक,
म्हणून लोखंडाचा एकही खिळा गुणाजी मेस्त्रीने
याला लागू दिला नाही. सगळ्या खुंट्या.

चैत्रात मी ते पडवीत काढते.
उचलायला दोघं लागतात, शेजारचा इनास येतो.
सुती फडकं, कोमट पाणी,
पिळून पिळून जवळजवळ कोरडं.
मग सावलीत ठेवायचं. उन्हात नाही.
उन्हात लाकूड तडकतं, हे मला माझ्या टाचांनी शिकवलं.
रात्री भेगांना लावते तेच भिरंडेल
टेबलाच्या कडेच्या चिरेला लावते,
एकाच वाटीतलं, एकाच बोटाने.

पायांना उंडेल. वास चार दिवस जात नाही,
भातसुद्धा कडू लागतो.
वाळवी तो वास ओलांडत नाही, मेस्त्री म्हणतो.
एकदा ओलांडली,
तेव्हा म्हणाला, ती परगावची असेल.

तेहेतीस वर्षं सुया टोचल्या मी, आचऱ्याच्या दवाखान्यात.
आता मागच्या डाव्या पायाला टोचते.
बारीक भोक, खाली रव्यासारखी पिठी,
रात्री कान लावला तर आत कुरकुर.
सिरिंजमध्ये करंजेल भरायचं, हवा काढायची,
हळू ढकलायचं, वर मेणाचा बोळा.
रोगी ओरडत नाही.
तरी सवयीने मी म्हणते, झालं हं, झालं.

एवढं करून खण मात्र दर पावसाळ्यात रुसतो.
आषाढ अर्धा सरला की बंद.
आत काय राहिलं ते आठवत बसायचं.

गेल्या वर्षी आत जमिनीचे कागद राहिले.
नागपंचमीला दिगू आला बेळगावहून,
गिऱ्हाईक गाडीत बसवून.
वीस गुंठे, खाडीकडचे,
जिथे या टेबलाच्या फणसाचं खोड अजून आहे.
माझा भाऊ. त्याने खण ओढला.
पाय लावून ओढला. कडी हातात आली.
मग सुरी, मग उलथनं.
शेवटी म्हणाला, बोलाव तुझ्या मेस्त्रीला, रंधा मारू दे.

मेस्त्रीने फटीवरून बोट फिरवलं,
मी नाडी बघायचे तसं. म्हणाला,
"लाकूड मेलां तरी श्वास घेता, सिस्टर.
आता रंधो मारलंय तर वैशाखात खण खुळखुळतलो.
थांबा दसऱ्यापर्यंत. आपोआप सुटतलो."
दिगूने पाकीट काढलं.
मेस्त्रीने कडी परत बसवली, विडी पेटवली
आणि पाऊस बघत उभा राहिला.
गिऱ्हाईक गाडीत झोपलं होतं.

अडीच महिन्यांत दिगूचे सात फोन.
पहिल्यात करवत. दुसऱ्यातही करवत.
चौथ्यात, "उघडला?" आणि मग, "तुझे गुडघे?"
सहाव्यात विचारलं,
तो फणस लावला कुणी होता गं?
मला माहीत नव्हतं.
दोघंही थोडा वेळ फोन धरून बसलो.

दसऱ्याच्या सकाळी, तोरणाला दोरा हवा म्हणून
सहज कडीला बोट लावलं
आणि खण पुढे आला, काही झालंच नाही असा.
कागदांचे कोपरे कसरीने खाल्लेले, आकडे शाबूत.
दोरा काही दिसला नाही.
झेंडू मी केळीच्या सोपटात ओवले.

संध्याकाळी दिगू आला. सोनं दिलं.
कागद दोनदा वाचले, चष्मा पुसून.
यातले पाच बाजूला काढू, म्हणाला,
खोडाच्या भोवतीचे.
पंधरांवर आम्ही सह्या केल्या, याच टेबलावर,
खाली जुनं वर्तमानपत्र घालून,
पेनाची टोकं लाकडात उमटू नयेत म्हणून.

तो गेल्यावर खण पूर्ण बाहेर ओढला.
धावांवर मेणबत्ती घासली,
दोन्ही बाजूंना, पार मागपर्यंत.
दोरा तिथे होता.